कुंडीतले कुतूहल



गेल्या रविवारी मिस्सेनंतर एका आजींनी आम्हाला थांबवले. लाल जास्वंदीवर त्यांनी शेजारणीकडच्या पिवळ्या जास्वंदीचे कलम बांधले होते आणि ते जगले होते. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता, तरी हळूच म्हणाल्या, "फादर, देवाने एका झाडाला एक रंग दिला. त्यात आपण ढवळाढवळ करायची, हे बरोबर आहे का?"

आम्ही म्हणालो, "आजी, हापूस खाताना हा प्रश्न पडतो का? गोव्यात आंब्याची कलमे बांधली ती जेझुइट धर्मगुरूंनी!" आजी हसल्या. घरी आल्यावर मात्र वाटले, आपण उत्तर फार स्वस्तात दिले.

कारण प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात कुतूहलाची गणना डोळ्यांच्या वासनेत केली आहे. केवळ जाणण्याच्या हौसेने माणूस देवापासून दूर जातो, ही त्यांची भीती. आणि त्यांच्याच नियमाने चालणाऱ्या संघातील ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून ब्रनोच्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो झाडे वाढवली, एका फुलाचे पराग हाताने दुसऱ्याला लावले, दाणे मोजले. ही वासना म्हणायची का?

पुढे त्यांनी हॉकवीड नावाच्या रानफुलावर तसेच प्रयोग केले. वाटाण्याचा नियम तिथे लागू पडेना. त्या झाडात बी बहुधा परागाशिवायच धरते, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी जे दिसले तेच त्यांनी छापले. (१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि कारभारात व सरकारशी कराच्या वादात बाग मागे पडली. कोणत्याही प्रमुख धर्मगुरूला हे वाचून वाईट वाटेल.)

वासना आपल्याला हवे तेच पाहू इच्छिते. मेंडेल यांनी झाडाला बोलू दिले, स्वतःच्या नियमाविरुद्धसुद्धा.

आमचे म्हणाल तर आम्ही कुंडीत वाल पेरला. रुजला का, हे पाहायला तिसऱ्या दिवशी माती उकरली. चौथ्या दिवशी पुन्हा उकरली आणि कोंब मोडला. ऑगस्टीन यांनी बोट ठेवले ते बहुधा आमच्या या उकरण्यावर. आजींच्या कलमावर नव्हे. त्यांनी फांदी बांधली आणि दीड महिना वाट पाहिली.

हे आम्ही त्यांना सांगितले आहे. आता त्यांना पांढऱ्या जास्वंदीची फांदी हवी आहे. चर्चच्या कुंपणाला ती आहे. पाऊस सुरू झाला की घेऊन जा म्हटले.