आझाद व्हिसा

सानगडीत माझी ओळख 'अरबी वाचणारे मास्टरसाब' अशी आहे. खरे म्हणजे मला अरबी येत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे लिपी ओळखीची. आणि ऐन तारुण्यातली दोन वर्षे जेद्दामध्ये गेल्यामुळे सरकारी कागदांवरचे पाचपन्नास शब्द कळतात, एवढेच. पण गावाला तेवढे पुरते.

गेल्या उन्हाळ्यात मगरिबनंतर एक चाचा घरी आले. त्यांचा मुलगा माझाच जुना विद्यार्थी, दहावी झालेला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी केलेला कागद काढला. "मास्टरसाब, जरा पढके बताव ना, पोट्टे को काम क्या लिखा है?"

एजंटने मॉलमध्ये काम आहे असे सांगितले होते. कागदावर व्यवसायाच्या रकान्यात होते 'राई अगनाम', म्हणजे मेंढपाळ. मी ते सांगितले. चाचांना फारसे आश्चर्य वाटले नाही. एजंट म्हणाला होता, कागदावर काहीही असते, हा 'आझाद व्हिसा' आहे, तिथे उतरल्यावर पाहिजे ते काम करता येते. एक लाख चाळीस हजार ठरले होते आणि त्यातले चाळीस हजार देऊन झाले होते.

आझाद व्हिसा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो 2011 मध्ये, आणि तेव्हा मलाही तो फार आवडला होता. बी.ए. होऊन घरी बसलेल्या मुलाला 'आझाद' हा शब्द आवडणारच. सौदी सरकारच्या दप्तरी असा कोणताही व्हिसा नाही. एखादा कफील, म्हणजे तिथला मालक, आपल्या नावावर परवाना काढतो आणि तो विकतो. माणूस त्याच्या नावावर जातो, काम दुसरीकडे करतो आणि महिन्याला कफीलला ठरलेले रियाल देतो. तिथल्या कायद्याने मात्र आपल्या कफीलशिवाय दुसऱ्याकडे काम करणे हा गुन्हा आहे. म्हणजे व्हिसा खरा, पण त्यावरचा मजकूर खोटा. भिंतीवरून उडी मारणारा आपण बेकायदा आहोत हे जाणून असतो. आझाद व्हिसावाला विमानतळावर शिक्का मारून, दरवाजातून सरळ आत जातो, आणि कामाच्या पहिल्या दिवसापासून गुन्हेगार असतो.

माझ्या कागदावर 'सायक खास' होते, म्हणजे घरगुती ड्रायव्हर. मला तेव्हा सायकलशिवाय काही चालवता येत नव्हते. अब्बांनी धानाची एक बांधी विकली, अम्मीच्या बांगड्या गेल्या, नव्वद हजार जमले. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 'गरीब बिचारे मजबुरीने जातात' असे आपल्या सभांतून नेहमी बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. गावातला सगळ्यात गरीब माणूस जातच नाही. त्याच्याकडे विकायला बांधी नसते. जातो तो ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडेफार आहे तो.

जेद्दामध्ये मी बांधकाम साहित्याच्या एका दुकानात गोण्या वाहिल्या. तिथल्या उन्हाचे आणि खोलीतल्या आठ माणसांचे वर्णन बरेच जणांनी लिहिले आहे, ते मी सोडतो. मला सांगायचे आहे ते तिसऱ्या महिन्याचे. दुकानदाराने पगार थांबवला. मी मागितला तेव्हा तो चिडलादेखील नाही. हसून म्हणाला, जा, शुर्त्याला सांग. शुर्ता म्हणजे पोलीस. त्याला ठाऊक होते की मी जाऊ शकत नाही. त्या दिवशी मला कळले की मी काय विकून आलो होतो. बांधी गेली ती गेलीच. तिच्याबरोबर तक्रार करण्याचा हक्कही गेला होता. माझ्यावर अन्याय झाला हे सांगायला मला आधी मी खोटा आहे हे कबूल करावे लागणार होते. बोट चिरडले तेव्हा दवाखान्याआधी खोलीतल्या बंगाली सोबत्याकडे गेलो, कारण दवाखान्यात इकामा मागतात आणि तो कफीलकडे होता. पुढे मी दोन महिन्यांचे रियाल दिले नाहीत म्हणून कफीलने माझ्यावर 'हुरूब' लावला, म्हणजे मी फरार झाल्याची नोंद केली.

2012 च्या डिसेंबरमध्ये अब्बा गेले. त्या काळी सौदीतून बाहेर पडायलाही कफीलच्या संमतीने निघणारा परवाना लागत असे. जायला पैसे पुरले होते, यायला परवानगी हवी होती. जनाजाच्या वेळी भावाने फोन चालू ठेवला. मला मातीचा आवाज आला की वाऱ्याचा, ते आजही सांगता येत नाही.

2013 मध्ये सौदी सरकारने अशा सगळ्यांवर कारवाई सुरू केली आणि आधी 3 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली: कागद सरळ करा किंवा शिक्षेशिवाय निघा. लाखाहून अधिक भारतीय त्या मुदतीत परतले, त्यांत मी एक. पासपोर्ट नव्हताच, आपल्या वकिलातीने दिलेल्या एका पानावर आलो. रांगेत सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले. व्हिसा विकणाऱ्या कफीलचे नाही, विकत देणाऱ्या एजंटचे नाही, कमी पगारात गोण्या वाहून घेणाऱ्या दुकानदाराचेही नाही. हा कायदा न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. पण तो अन्यायी होता म्हणून माझे खोटे खरे ठरते का? परत आल्यावर हा प्रश्न मी एका मौलाना साहेबांना विचारला. ते म्हणाले, पसीना हलाल, कागद गलत. मी ते मान्य केले, पण त्याने माझे समाधान झाले नाही. त्या गलत कागदावरच तर पसीना उभा होता.

दुसरा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. परतल्यावर मी काय केले? अत्तराच्या बाटल्या वाटल्या, खजूर वाटले, कुणाच्या तरी गाडीला टेकून काढलेला फोटो भिंतीवर लावला. जनाजाची गोष्ट अम्मीसमोरही कधी काढली नाही. बी.एड. केले, नोकरी लागली, आणि लोकांनी मधला भाग आपल्या मनाने भरून घेतला. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. दुसऱ्या दिवशी शिक्षक खोलीत एक सहकारी म्हणाले, चोरवाटेने गेले, भोगा म्हणावे. मी वह्या तपासत राहिलो. तिथे कागद नव्हता म्हणून गप्प होतो. इथे सगळे कागद आहेत, तरी गप्प.

चाचांना मी माहिती दिली ती अशी: परदेशी पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, त्याला कायद्याने तीस हजार आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर निर्बंधाचा शेरा असतो, त्यामुळे आखाती देशांत जाताना त्याची कागदपत्रे सरकार तपासते आणि दोनतीनशे रुपयांत दहा लाखांचा विमा सक्तीने उतरवला जातो. तुमचा मुलगा दहावी पास, म्हणून त्याला ही तपासणी नाही. (आम्ही शिक्षक मुलाला पास करण्यासाठी वर्षभर डोके फोडतो, त्याचा हा एक उपयोग.)

चाचांनी सगळे ऐकून घेतले. मग वर पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "आप भी तो ऐसेच गए थे ना? ये स्लॅब उसी पैसे का है।"

स्लॅब कर्जाचा आहे. सहकारी पतसंस्थेचा हप्ता अजून चालू आहे. बारा वर्षे हा समज मी गावात राहू दिला होता. त्या संध्याकाळी मी चाचांना हप्त्याचे पुस्तक दाखवले, आणि मग अब्बांच्या जनाजाचे सांगितले. आत अम्मी ऐकत असेल हे माझ्या लक्षात आले, पण तोवर सांगून झाले होते.

चाचांनी कागद परत पिशवीत ठेवला. चाळीस हजारांची पावती नाही. आम्ही दोघे दोनदा नागपूरला एजंटकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा पुढच्या महिन्याचा वायदा मिळाला. चाचा दर जुम्म्याला मशिदीबाहेर थांबून विचारतात, फोन आया क्या? मुलगा साकोलीला एका हार्डवेअरच्या दुकानात लागला आहे. बसस्टॉपवर भेटतो, पण माझ्याशी बोलत नाही.