चित्रातले गाव आणि गावातली माणसे

एखाद्या कलावंताने एकाच प्रकारच्या गावाचे रूप जन्मभर रेखाटत राहावे, याला निष्ठा म्हणावे की त्या गावावर केलेला अन्याय? प्रश्न वरकरणी विचित्र वाटेल. परंतु बास्क चित्रकार रामिरो आर्रुए यांच्या संदर्भात तो विचारण्याजोगा आहे.

आर्रुए यांचा जन्म १८९२ साली स्पेनमधील बिल्बाओ या लोखंडाच्या कारखान्यांच्या शहरात झाला. चौघेही भाऊ चित्रकार. पॅरिसमध्ये शिक्षण घेऊन ते सीमेपलीकडे, फ्रान्समधील लाबूर प्रांतात, सँ-जाँ-द-लूझ या बंदराच्या परिसरात स्थायिक झाले. १९७१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांत तेच विषय पुन:पुन्हा येतात: चुन्याने पांढरी केलेली रुंद घरे, तांबड्या रंगाच्या लाकडी तुळया, बैलजोडी हाकणारा शेतकरी, पेलोटा या चेंडूच्या खेळाला जमलेले गावकरी आणि पाठीमागे रून पर्वत. माणसांच्या मुद्रा शांत, जणू काळ तेथे थांबलेला.

महसुली कामकाज पाहिलेल्या माणसाच्या मनात मात्र ही घरे पाहताना वेगळा विचार येतो. बास्क रूढीनुसार घराची वाटणी होत नसे. लाबूरमध्ये थोरले अपत्य, मग तो मुलगा असो वा मुलगी, घर आणि जमीन सांभाळी; माणसाची ओळखही घराच्या नावाने होई. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने सर्व अपत्यांना वारसा दिला, तरी अनेक कुटुंबांनी आपसांत तडजोड करून घर अखंड ठेवले. त्याची किंमत धाकट्यांनी मोजली. कोणी धर्मसेवेत गेले, कोणी खलाशी झाले. एकोणिसाव्या शतकात हजारो जण अर्जेंटिना आणि उरुग्वेला गेले. चित्रातली ती पांढरी भिंत शाबूत राहिली, ती या निघून गेलेल्यांच्या त्यागावर.

मग आर्रुए यांनी असत्य रंगविले काय? मला तसे वाटत नाही. निवड म्हणजे असत्य नव्हे. सारे काही एका चौकटीत मावत नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. चित्रकाराने हे गाव स्वेच्छेने निवडले, वारसाला ते जन्माने मिळाले आणि धाकट्याला ते सोडावे लागले. तिघांचे गाव एकच, पण प्रेमाचे मोल निराळे. अन्याय चित्रात नसतो. तो सुरू होतो पाहणाऱ्यापाशी: स्वतः सर्व सोयी भोगीत असताना दुसऱ्याने बैलजोडीच हाकावी, अशी अपेक्षा तो धरतो तेव्हा.

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपणांस हे परके नाही. आपल्याही मनात मूळ गावाचे असे एक चित्र असते. कुलदैवताच्या दर्शनास गेल्यावर कौलांच्या जागी सिमेंटचे छत दिसले की आपण हळहळतो. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याचे कष्ट आपण केलेले नसतात.

आर्रुए यांची चित्रे बायोनच्या बास्क संग्रहालयात जपलेली आहेत. जपणुकीची ती योग्य जागा होय. गावावर प्रेम अवश्य करावे, त्याचे चित्रही जतन करावे. परंतु त्या प्रेमाच्या मोबदल्यात तेथील माणसांनी बदलू नये, हे मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.