गेटवरचे बारा तास

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये जुने बंगले पाडून ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीची ही गोष्ट. फ्लॅट 64, गेट दोन, गार्ड चार. प्रत्येक गेटवर एक दिवसाचा, एक रात्रीचा. पाळी बारा तासांची, साप्ताहिक सुट्टी नाही. एखादा गावी गेला की त्याच्या जोडीदाराने सलग चोवीस तास उभं राहायचं, हे इतकं रुळलेलं होतं की कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मेंटेनन्स दरमहा 1,500 रुपये. कागदावर 96,000 जमा व्हायचे. त्यातले 58,000 सिक्युरिटी एजन्सीला जात आणि लिफ्ट, वीज, सफाई यांना 35,000. कागदावर सगळं जमत होतं, तरी दर महिन्याला साडेदहा हजारांची तूट येत होती. त्यात पार्किंगमधून दोन सायकली आणि एका गाडीची बॅटरी चोरीला गेली, आणि सोसायटीची सभा बोलवावी लागली.

सभेत दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात. नवरा सिंगरौलीला, घरात लहान मूल. त्यांचं म्हणणं, आणखी दोन गार्ड ठेवा. खजिनदार भाऊ गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. 1904 साली सुरू झालेल्या त्या कारखान्याने जबलपुरातल्या कितीतरी मराठी घरांना पोसलं, भाऊंचे वडीलही तिथलेच. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की दोन गार्ड वाढवले तर प्रत्येक फ्लॅटमागे साडेचारशे रुपये वाढतील. त्यांचा प्रस्ताव उलटा होता. दोन गार्ड कमी करायचे, वाचलेल्या पैशातून कॅमेरे बसवायचे.

"कॅमेरा झोपत नाही, सुट्टी मागत नाही," भाऊ म्हणाले.

"आणि चोर आला तर कॅमेरा काय करतो हो भाऊ?" वहिनींनी विचारलं. "दुसऱ्या दिवशी आपल्याला पिक्चर दाखवतो."

मागच्या रांगेत बाई बसल्या होत्या. शाळेत मुलांची हजेरी घेण्यात आयुष्य गेलं, म्हणून अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते. त्यांना यजमानांची फॅमिली पेन्शन मिळते, आणि साडेचारशे रुपये म्हणजे त्यांच्या महिन्याच्या औषधांतला मोठा वाटा. त्या उठून एवढंच म्हणाल्या, "वाढवा किंवा कमी करा, पण हे चौघे कोणत्या वेळी काय काम करतात ते कुणी पाहिलंय का? मला आठवडाभर द्या."

सभा तहकूब झाली. बाईंनी शंभर पानी वही आणली आणि हजेरीपटासारखे रकाने आखले. त्यांच्या खिडकीतून पुढचं गेट दिसे, वहिनींच्या गॅलरीतून मागचं. वहिनींनी स्वतःहून मागच्या गेटची जबाबदारी घेतली. आपलं म्हणणं खरं ठरेल असं त्यांना वाटत असावं.

वहीत जे उतरलं ते दोघींच्याही कल्पनेबाहेरचं होतं. सकाळी साडेसात ते अकरा पुढच्या गेटवर माणसाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कामवाल्या, दूधवाले, कुरियर, स्कूल व्हॅन, पाहुण्यांची नोंद. संध्याकाळी पुन्हा तेच. मागच्या गेटने मात्र दिवसभरात मोजकी माणसं ये-जा करत, तीही इमारतीतलीच. तिथला गार्ड पाण्याची मोटर चालू-बंद करी, लोकांचे किराण्याचे डबे वर पोचवी, बंद पडलेली स्कूटर ढकली, एका घरचा कुत्रा फिरवून आणी. सगळी उपयोगाची कामं, पण पहारा त्यांत कुठेच नव्हता. रात्रीच्या रकान्यात तर दोन्ही गेटांना एकच शब्द लिहिलेला होता. एक ते पाच, झोप.

पुढच्या गेटवरचा रात्रीचा गार्ड डिंडोरीकडचा पोरगा. बाईंनी त्याला संध्याकाळी चहा दिला आणि रागावल्याचा सूर न काढता विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "माताजी, दिन में रांझी में एक गोदाम पर भी ड्यूटी है। दोनों मिलाकर घर चलता है।" हातात किती मिळतात? 9,000. सोसायटी एजन्सीला त्याच्या नावावर 14,500 मोजत होती. भविष्यनिर्वाह निधीचा नंबर? तो काय असतो, हेच त्याला माहीत नव्हतं.

बाई वही घेऊन भाऊंकडे गेल्या. भाऊंनी पानं चाळली आणि ते तडकले. "म्हणजे आपण झोपायचे पैसे देतोय! उद्याच काढा त्याला."

बाईंनी विचारलं, "भाऊ, फॅक्टरीत तुमची पाळी किती तासांची होती?"

"आठ."

"आणि कधी बारा तास थांबलात तर?"

"वरच्या तासांचा ओव्हरटाइम. दुप्पट दराने. 1948 चा कारखाना कायदाच होता तसा."

"त्यासाठी तुम्हाला कधी भांडावं लागलं?"

भाऊंनी उत्तर दिलं नाही. भोंगा वाजला की सायकल काढून घरी यायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा, रविवारी ग्वारीघाटावर जायचं, हे सगळं त्यांना आयतं मिळालेलं होतं. आधीच्या पिढीतल्या कामगारांनी ते झगडून मिळवलं होतं. मला वाटतं, या गोष्टीतला खरा प्रसंग हाच. भाऊ वाईट माणूस नव्हते. सोसायटीचा रुपया ते स्वतःच्या रुपयासारखा जपत, फक्त त्यांच्या जमाखर्चात गार्डचे तास कुठेच लिहिलेले नव्हते.

त्या रात्री त्यांनी फॅक्टरीतल्या सवयीने पाळ्यांचा तक्ता मांडला. एक गेट चोवीस तास, सातही दिवस सांभाळायचं तर आठवड्याचे 168 तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर 21 पाळ्या. एका माणसाने आठवड्यात सहा पाळ्या कराव्यात, म्हणजे 48 तास. तिघांच्या 18 पाळ्या झाल्या, उरल्या तीन. त्या तीन पाळ्यांसाठी अर्धा माणूस, म्हणजे बदली गार्ड. एका गेटला साडेतीन माणसं लागतात आणि आपण दोन माणसांत ते रेटतोय, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

मग त्यांनी दुसऱ्या एजन्सीकडे चौकशी केली. खासगी सुरक्षा एजन्सीला 2005 च्या कायद्याप्रमाणे राज्याचा परवाना लागतो, गार्डला प्रशिक्षण द्यावं लागतं. परवाना दाखवणारी, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय आणि जीएसटी धरून बिल देणारी एजन्सी मिळाली. दर माणशी 17,000. साडेतीन माणसांचे 59,500. म्हणजे मागचं गेट बंद ठेवलं तर खर्च जवळपास तेवढाच, फक्त 1,500 रुपयांनी जास्त.

दुसऱ्या सभेत मागच्या गेटाला कुलूप लावायचं ठरत होतं, तेव्हा हायकोर्टात वकिली करणारे अध्यक्ष मध्येच उठले. "कुलूप नको," ते म्हणाले. "1 ऑगस्ट 2022 विसरलात का? दमोह नाक्याजवळच्या रुग्णालयाला आग लागली, आठ माणसं गेली. बाहेर पडायला वाट एकच होती." मग ठरलं ते असं : बाहेरून गेट उघडता येणार नाही, आतून मात्र किल्लीशिवाय, नुसत्या खटक्याने उघडेल. तिथे एक कॅमेरा, त्याचा पडदा पुढच्या केबिनमध्ये. भाऊंचा कॅमेरा असा योग्य जागी लागला. मोटरला टाकी भरली की आपोआप बंद होणारं यंत्र बसवलं.

आता तुटीचा प्रश्न. भाऊंनी थकबाकीची यादी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाचली. नऊ फ्लॅटांचा मेंटेनन्स येतच नव्हता, म्हणजे महिन्याला 13,500 रुपये. मालक नागपूरला, बंगळुरूला, एक कॅनडात. घरं बंद, नाहीतर भाड्याने दिलेली. तूट साडेदहा हजारांची होती आणि तिच्यापायी आपण गेटवरच्या गरिबाची नोकरी कापायला निघालो होतो, असं भाऊच म्हणाले. प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियमाच्या, म्हणजे राज्याच्या फ्लॅट-मालकीच्या कायद्याच्या आधारे अध्यक्षांनी नोटिसा लिहिल्या. सहा जणांनी पैसे भरले, तिघांशी अजून पत्रव्यवहार चालू आहे.

मेंटेनन्स पंचवीस रुपयांनी वाढला. बाईंनी हात वर करून सर्वांत आधी मंजुरी दिली.

सगळे खूश झाले असं मात्र नाही. मागच्या बाजूच्या लोकांना भाजी आणायला आता वळसा पडतो. एका गृहस्थांनी त्यावरून समितीचा राजीनामा दिला. किराण्याचे डबे वर नेऊन द्यायला कुणी नाही, म्हणून काही दिवस कुरकुर चालली. वहिनींना दोन जास्तीचे गार्ड मिळाले नाहीत, पण रात्री अडीच वाजता मुलाला ताप चढला तेव्हा इंटरकॉमवर पहिल्याच घंटेला उत्तर आलं आणि रिक्षाही गार्डनेच आणून उभी केली.

जुन्या चौघांनाच नव्या एजन्सीने घ्यावं, ही अट भाऊंनी घातली होती. तिघे इथे कायम झाले. चौथा बदली गार्ड, आठवड्यातले तीन दिवस इथे आणि तीन दिवस शेजारच्या इमारतीत. डिंडोरीच्या पोराने रांझीची ड्यूटी सोडली. कपात होऊन त्याच्या हातात साडेदहा हजारांच्या आसपास पडतात. दोन्हीकडचे मिळून पूर्वी याहून जास्त मिळायचे, हेही खरं. पण आता तो रात्री जागा असतो आणि दिवसा झोपतो.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा जवळ आली असेल, तर मेंटेनन्स वाढवण्याच्या किंवा गार्ड कमी करण्याच्या ठरावावर हात वर करण्याआधी तीन कागद मागा : एजन्सीचा परवाना, गार्डचं वेतनपत्रक आणि थकबाकीदारांची यादी. आणि एकदा रात्री तीन वाजता खाली उतरून गेटवरच्या माणसाला विचारा, तो किती वाजल्यापासून उभा आहे.