अजून ठरले नाही

मे महिना संपत आला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न फिरू लागतो. निकाल लागलेला असतो, दाखल्यांसाठी सेतू केंद्रावर रांगा असतात आणि घरी आलेला पाहुणा पाण्याचा पेला हातात घेता घेता विचारतो, "मग, पुढं काय ठरलं?" मुलाने "अजून काही ठरलं नाही" असे सांगितले की आई ओशाळते, वडील पावसापाण्याचा विषय काढतात. जणू पोराने काही अपराधच केला! न ठरणे हा खरोखर दोष आहे का, आणि ज्याचे ठरलेले नाही त्याचे आपण काही देणे लागतो का, याचा आज थोडा विचार करू या.

वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, अकोला-वाशीम रस्त्यावर मेडशी हे गाव आहे. अशा गावातील सोयाबीन-तुरीच्या घरात वाढलेल्या मुलाने कोणकोणती कामे जवळून पाहिलेली असतात? शेती, दुकानदारी, मास्तरकी, तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातली नर्स, एस.टी.चा कंडक्टर, पोलीस. बाकीचे सगळे त्याने मोबाईलवर पाहिलेले. भूगर्भशास्त्र किंवा सांख्यिकी शिकलेला माणूस सकाळी उठून नेमके काय काम करतो, हे त्याला कुणी दाखवलेले नसते. मग जे पाहिलेच नाही ते निवडायचे कसे? "मला माहीत नाही" हे उत्तर बहुतेक वेळा आळसाचे नसते, प्रामाणिकपणाचे असते. जो पहिल्याच दमात "इंजिनिअर" म्हणून मोकळा होतो, तो पुष्कळदा शेजारच्या घरातले उत्तर आपल्याला ऐकवत असतो.

शासनाने या बाबतीत काही केले नाही असे नाही. २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो, एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते आणि पुढे परतही येता येते. २०२५ साली अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आणि अर्जात १० पर्यंत पसंतीक्रम देता आले. हे चांगलेच झाले. पण दारे वाढली म्हणून वाट सापडते असे नाही. ते पसंतीक्रम खेडोपाडी कोण भरून देतो? बहुधा कॉम्प्युटर सेंटरवाला. त्याच्यामागे रांग उभी असते, त्याला घाई असते. एका आयुष्याची दिशा अशी पाच मिनिटांत आणि पन्नास-शंभर रुपयांत ठरून जाते.

यावर आपल्यातीलच एखादा बाप म्हणेल, "विचार करायला वेळ द्या म्हणता, पण वेळ फुकट मिळतो का?" त्याचे म्हणणे खरे आहे. शहरातील सुखवस्तू घरातला मुलगा वर्षभर थांबला तर त्याने जरा उसंत घेतली असे लोक म्हणतात. मेडशीचा मुलगा थांबला तर त्याचे वर्ष वाया गेले असे म्हणतात. अकोल्याला खोली घेतली तर भाडे आहे, मेस आहे. मधेच अभ्यासक्रम बदलला तर शिष्यवृत्ती अडण्याची भीती आहे. म्हणजे न ठरवण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्यापाशी कमी, त्याला ती जास्त. म्हणूनच हा प्रश्न केवळ त्या मुलाच्या स्वभावाचा नाही, न्यायाचा आहे.

मुलींच्या बाबतीत तो आणखी कठीण होतो. मुलाचे ठरले नाही तर त्याला शेतावर पाठवतात. मुलीचे ठरले नाही तर तिला पाहायला पाहुणे येतात. "तिला तरी कुठं काही करायचंय," असे म्हणून तिचे मौन हाच तिचा होकार समजला जातो. २०२४ पासून मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले आहे. परंतु काय शिकायचे हे जिला उमगलेच नाही, तिच्या पदरात ती माफी पडायची कशी?

आता आपल्या ख्रिस्तसभेची रीत पाहा. एखादी मुलगी मठात जाण्याची इच्छा घेऊन आली, तर तिच्याकडून लगेच अंतिम व्रते घेतली जात नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे नोव्हिशिएटला किमान १२ महिने लागतात. त्यानंतरची तात्पुरती व्रते किमान ३ वर्षांची. एवढ्या काळात तिच्या सोबतीला एक अनुभवी व्यक्ती असते, जी ऐकते, विचारते, पण तिच्या वतीने उत्तर देत नाही. आणि ती परत घरी गेली, तर तिने नियम मोडला असे कुणी म्हणत नाही. पाचारण ओळखायला वेळ आणि सोबत दोन्ही लागतात, हे आपण मठाच्या बाबतीत मान्य करतो. घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला मात्र निकालानंतर पंधरा दिवस देतो, तेही टोमण्यांसकट.

संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत ते जखमी झाले, अंथरुणावर त्यांच्या मनाने वेगळी दिशा घेतली, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते बार्सिलोना येथे लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. मन उदास, अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम. आपल्याकडे तर बहुतेक निश्चय मार्क कमी पडले त्या संध्याकाळीच बदलतात!

वऱ्हाडातलेच बघायचे तर डॉ. पंजाबराव देशमुख आहेत. पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव परदेशी जाऊन बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर त्यांनी डॉक्टरेट केली, आणि पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. आज अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. अर्थात थोरांचे दाखले जपून द्यावेत. त्यांनी भाराभर पोरे दडपली जातात. एवढेच घ्यावे, की विसाव्या वर्षीचा विषय हा माणसाचा शेवटचा विषय नसतो.

मग आपण करायचे काय? मुलाच्या वतीने ठरवून टाकणे सोपे असते. त्याची चिंता जाते, आपलीही जाते. मात्र पुढे तो त्या विषयात रमला नाही तर ओझे त्याचे आणि हक्क आपला, असा विचित्र हिशेब उरतो. त्यापेक्षा फॉर्म भरण्यापूर्वी त्याला दोन-तीन महाविद्यालयांत घेऊन जावे. शिकणाऱ्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्यावे, आपण बाहेर चहाच्या टपरीवर थांबावे. रविवारी मिस्सानंतर आपण गप्पा मारत उभे राहतो. त्यांत कुणी लॅबमध्ये आहे, कुणी आय.टी.आय. केलेला वायरमन आहे, कुणी कोर्टात कारकून आहे. त्यांनी आपल्या कामाचा एक दिवस मुलांना नुसता सांगितला तरी पुरे, उपदेश नको. एखाद्याला थांबायचेच असेल तर मुदत ठरवावी, त्या काळात तो काय पाहील, काय कमावील तेही ठरवावे, आणि मुदत संपेपर्यंत रोज जेवताना विचारू नये. मुलगी असेल तर आणखी एक शब्द द्यावा लागेल: या वर्षात स्थळ पाहायचे नाही. तो वडिलांनी द्यावा, आणि आजीच्या व काकांच्या देखत द्यावा, कारण स्थळ बहुधा तेच आणतात.