प्रवरेचे वय

नेवाशाला प्रवरेच्या पाण्यात उभे राहून अर्घ्य देणाऱ्याला नदीचे वय विचारावेसे वाटत नाही. समुद्रमंथनातल्या अमृताशी नाते सांगणारी ही अमृतवाहिनी. अमृत वाटणाऱ्या मोहिनीरूपातल्या विष्णूचे, म्हणजे मोहिनीराजाचे देऊळ याच गावात. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तीही इथेच. अशी नदी अनादी असणार, असे भाविक मनोमन धरून चालतो. भूविज्ञान मात्र सांगते की नदी जन्मते, वाट बदलते, शेजारच्या नदीकडून लुबाडली जाते आणि कधी मरतेही. मग तिचे पावित्र्य कशावर उभे आहे?

नगर जिल्ह्यातला काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थरावर थर साचला, थंड झाला, तेव्हा प्रवरा नव्हती, मुळा नव्हती आणि गोदावरीही नव्हती. नद्या नंतर आल्या आणि पूर्वेकडे निघाल्या. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोदावरी सुमारे 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, ती पठाराचा उतार पूर्वेकडे आहे म्हणून.

ही मांडणीही कायमची नाही. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर ते उघड दिसते. माथ्यावरच्या देवळाजवळून वाहणारे पाणी मुळेच्या वाटेने गोदावरीकडे जाते. कोकणकड्यावरून कोसळणारे पाणी अरबी समुद्र गाठते. एकाच सरीचे असे दोन वाटे होतात. त्यात पश्चिमेचे ओढे आखूड, पण उतार भयंकर तीव्र, त्यामुळे त्यांची झीज करण्याची ताकद मोठी. ते कडा मागे, म्हणजे पूर्वेकडे खात येतात. भंडारदऱ्याजवळच्या साम्रदला सांदण दरीत उतरले की दोन्ही हातांना काळ्या कातळाच्या भिंती लागतात. तिथले पाणीही कोकणात उतरते. म्हणजे पूर्ववाहिनी नद्यांची शेते वरच्या अंगाने कोकणच्या नावावर होत चालली आहेत, फक्त सातबारा लाखो वर्षांनी बदलतो.

मुंडकोपनिषदात नदी समुद्राला मिळताना नामरूप टाकते. सह्याद्रीत ती ते उगमापाशीच टाकते आहे.

नदीने आपल्या बदलांची नोंदही ठेवली आहे. 1954 पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नेवाशाला उत्खनन केले. प्रवरेच्या काठांत खालच्या खडीच्या थरात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी, त्याच्या वरच्या खडीत नंतरच्या माणसांची छोटी छिलक्यांची हत्यारे आणि सर्वांत वर ताम्रपाषाणयुगीन वस्ती. मधले गाळाचे थर सांगतात की नदी कधी खडी लोटण्याइतकी जोरात होती, कधी मंदावून गाळ टाकत होती. आज जिथे स्नान चालते, ते पात्र या सगळ्यांच्या नंतरचे.

जगात याहून मोठ्या उलथापालथी झाल्या. अँडीज पर्वत उंचावत गेला आणि पूर्वी वेगळ्या दिशांनी निघणारे ॲमेझॉन खोऱ्याचे पाणी पूर्वेला अटलांटिककडे वळले. आपल्याकडे सतलजने घग्गरचे पात्र सुमारे 8000 वर्षांपूर्वी, हडप्पा नगरांच्याही आधी, सोडले. घग्गर म्हणजेच वेदांतली सरस्वती का, यावर वाद आहे. पण प्रयागला भाविक आजही तीन नद्यांच्या संगमात स्नान करतो आणि त्यातली सरस्वती डोळ्यांना दिसत नाही. श्रद्धेने नदीच्या नाहीशा होण्याला कधीच जागा करून दिलेली आहे.

म्हणून भूविज्ञानाने श्रद्धेला धक्का बसतो, हे पटत नाही. पावित्र्य पात्राच्या जुनेपणात असते, तर प्रवरेपेक्षा तिच्या तळचा कातळ अधिक पूज्य ठरला असता. लोकांनी हात जोडले ते वाहत्या पाण्याला. तीर्थ याचा अर्थच मुळी पलीकडे नेणारी वाट.

बदल हा नदीचा धर्म मानला, तर मात्र माणसाने केलेल्या बदलाला त्याचा आधार घेता येणार नाही. हजारो वर्षांत साठलेली वाळू आणि खडी यंत्रे काही हंगामांत उपसून नेतात. वाळू जाते आणि तिच्याबरोबर ती साठवून ठेवत असलेले पाणीही. प्रवरेची आरती करणाऱ्यांनी आरतीनंतर पात्रातल्या वाळूवरही नजर ठेवावी आणि उपसा दिसला की ग्रामसभेत तो विषय मांडावा.