पंच कोणाचे?

चिंचवडास चापेकरांचा वाडा पाहून परततांना १८९७ सालचें दुसरेंच एक प्रकरण मनांत घोळूं लागतें. २२ जूनच्या रात्रीं दामोदर चापेकरांनीं रँडवर गोळी झाडली; त्याच वर्षीं सप्टेंबरांत मुंबई हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्यूरर बसले. सहा यूरोपियन, तीन हिंदी. आणि कौलही सहा विरुद्ध तीन! १९०८ सालीं सात यूरोपियन व दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. लेख मात्र मराठी.

ते ज्यूरर अप्रामाणिक होते, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येकानें शपथ मनापासून घेतली असेल. परंतु दोष मनांत नसूनही निवडींत असूं शकतो. नवांपैकीं सहांचें मत व न्यायाधीशाची संमति मिळाली कीं कौल कायम होई. मग ज्यांच्या मनांत शंका उपजावी त्यांना तिघांवरच थांबविलें कीं काम झालें.

कोणी विचारील, नऊही आपलेच असते तर न्याय झाला असता काय? तशी हमी कोण देणार? आपली माणसें बसविणें हा न्याय नव्हे. जन्मावरून कोणी वगळला न जाणें हा न्याय.

१९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरीस स्थान उरलें नाहीं. पण पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत आज प्रांतोप्रांतींचे कामगार आहेत. त्यांच्यापैकीं एखाद्याच्या चौकशीस आपण बसूं, तेव्हां त्याची भाषा जाणणारा एक तरी शेजारीं आहे काय, हें आधीं पाहावें.