शंभर वावांच्या पलीकडे

विठ्ठलवाडीला समुद्र नाही. आहे ती वालधुनी, आणि तिच्यात मासा जगेल अशी आशा आता कुणी धरत नाही. तरी कल्याण-उल्हासनगरचा हा पट्टा पक्का मासेखाऊ. आगरी-कोळी, कोकणातून येऊन चाळींत स्थिरावलेली घरे, आणि 1949 साली निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले तेव्हापासूनचे सिंधी. या सिंध्यांचा जीव की प्राण असलेला पल्ला सिंधू नदीत 1955 च्या कोटरी बंधाऱ्यानंतर झपाट्याने घटला. मासा कसा नाहीसा होतो हे इथल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. आज इथल्या बाजारात तळहाताएवढे पापलेट वाट्यावर मिळते. 2023 साली ज्याला राज्यमाशाचा मान दिला, त्याची ही गत.

यावर सरकारचे उत्तर ठरलेले आहे: किनाऱ्यालगत मासळी उरली नाही ना, मग खोल समुद्रात जा. ऑक्टोबर 2025 मध्ये माझगाव डॉकला सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी नौका देण्यात आल्या. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये केंद्राने 200 सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम काढले. त्यांत सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, ही चांगलीच गोष्ट. 1991 च्या धोरणाने परदेशी भागीदारीतली जहाजे या पाण्यात आणली, त्याविरुद्ध 1994 मध्ये देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळला, आणि 1996 मध्ये मुरारी समितीने त्या जहाजांचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. तो लढा लढलेल्यांना हा उशिरा का होईना, न्याय मिळतो आहे. पण मालक कोण हा प्रश्न सुटला तरी त्या पाण्यात मासा किती आणि कसला, हा प्रश्न उरतोच.

मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर पसरलेली आहे. कोचीसमोर ती साठेक किलोमीटरांत संपते. म्हणजे आपल्या तांडेलाने दीडशे सागरी मैल डिझेल जाळले तरी जाळ्याखाली जेमतेम शंभर वाव पाणी. त्या काठापलीकडे अरबी समुद्र एकदम खोल जातो, आणि तिथे दीड-दोनशे मीटरांपासून हजार मीटरांच्याही खालपर्यंत प्राणवायू इतका विरळ आहे की बहुतेक माशांचा तिथे निभाव लागत नाही. निभावतात ते बोटभर लांबीचे कंदीलमासे. दिवसा खाली लपतात, रात्री चरायला वर येतात. 1980 च्या दशकात अरबी समुद्रात त्यांचा साठा दहा कोटी टन असावा असा अंदाज मांडला गेला, आणि हा आकडा ऐकून आजही धोरणकर्त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. मात्र हा मासा ताटात येत नाही. त्याचे पीठ होते, तेल होते, कोळंबीच्या तलावांना खाद्य मिळते. आणि समुद्रात कुपा आणि माकुळ त्याच्यावरच जगतात.

खऱ्या खोल पाण्यातला, तळाशी राहणारा मासा तर आणखी वेगळा. थंडी, अंधार, खायला कमी. तिथे सगळे संथ चालते. न्यूझीलंडजवळचा ऑरेंज रफी हा मासा अंडी द्यायला येईपर्यंत वीस-तीस वर्षे जातात, आणि तो शंभरीही ओलांडतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्याचे थवे समुद्रातल्या डोंगरांभोवती सापडले, ट्रॉलर तुटून पडले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत काही ठिकाणची मासेमारी बंद करावी लागली. एवढे लांब जायलाही नको. आपल्या शेजारच्या मालदीवने 1980 च्या सुमारास खोल पाण्यातल्या मुश्यांच्या यकृताचे तेल निर्यात करायला सुरुवात केली. दहा-पंधरा वर्षांत तो धंदा कोसळला. या मुशीला पिल्ले मोजकीच होतात, तीही सावकाश. अशा साठ्यातून जे काढले ते एका पिढीत भरून येत नाही, आणि कर्जाचे हप्ते तर दर महिन्याला भरावे लागतात.

म्हणून लांब जाणे आणि खोल जाणे यांत मी फरक करतो. कुपा किंवा अरबी समुद्रातला माकुळ वरच्या थरात असतो, भराभर वाढतो. माकुळाचे आयुष्य साधारण वर्षभराचेच. सहकारी नौकांनी तो जरूर आणावा. तिथेही बेहिशेबी चालत नाही, कारण हिंदी महासागरातला पिवळ्या पराचा कुपा प्रमाणाबाहेर पकडला जातो असा निर्वाळा 2015 मध्येच मिळाला होता. तळावर मात्र ट्रॉल टाकूच नये. युरोपीय संघाने 2016 मध्ये 800 मीटरखाली तळ खरवडण्यावर बंदी घातली. आपण निदान साठा मोजेपर्यंत तरी थांबावे.

कारण जो मासा वर्ष-दोन वर्षांत अंडी देतो, त्यालाही आपण तेवढी सवड दिलेली नाही. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो, पिल्ले होईपर्यंत खातही नाही. 1980 च्या आसपास मंगळूर-मलपेच्या पर्ससीन जाळ्यांनी असे नर थवेच्या थवे उचलले, आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळा घसरत गेला. 2021 मध्ये पालघरच्या मुरब्याच्या एका नौकेला एका फेरीत 157 घोळ मिळाले, ते 1 कोटी 33 लाखांना गेल्याच्या बातम्या झाल्या. वर्षानुवर्षे तोटा सोसणाऱ्या माणसाला मिळालेल्या त्या पैशाचा हेवा करण्याचे कारण नाही. पण घोळ असा थव्याने जमतो तो बहुधा अंडी घालायला, हेही त्या आनंदात कुणी तरी म्हणायला हवे होते.

नियमांची टंचाई म्हणाल तर ती नाही. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर मर्यादा आणल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. 2021 मध्ये राज्याचा 1981 चा कायदा दुरुस्त होऊन कारवाईचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरली. सुरमईची 370 मिलिमीटर. एवढे होऊनही वीतभर सुरमई बर्फाच्या टोपलीतून कल्याणपर्यंत येते. ती बंदरात उतरते तेव्हा पट्टी लावायला तिथे कुणी नसते. विठ्ठलवाडीच्या गिऱ्हाइकाने ती घेऊ नये, हे म्हणणे योग्यच. पण सगळा भार त्याच्या पिशवीवर टाकणे म्हणजे बंदरावरचे काम बाजारावर ढकलणे.

राहिली पावसाळी बंदी. ती 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली, नौका मात्र या पारंपरिक मुहूर्ताच्या महिनाभर आधीच समुद्रात. पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना बंदी 15 ऑगस्टपर्यंत वाढवा म्हणतात, आणि माझ्या मते नव्या नौकांपेक्षा हे पंधरा दिवस अधिक मासा देतील. अडचण त्या दिवसांच्या पोटाची आहे. सध्याच्या बचत-सहाय्य योजनेत मच्छीमाराने स्वतःचे 1,500 रुपये साठवायचे, सरकारने त्यांत 3,000 घालायचे, आणि बंदीच्या सुमारास त्याला तीन महिने दरमहा 1,500 रुपये मिळायचे. खोल समुद्रासाठी जो पैसा निघतो आहे, त्यातला पहिला वाटा ही रक्कम वाढवायला जावा.